सत्तावीस पौंडांचे चार वाटे: ब्रिटनमधला नवा गिटार बँड चालतो कसा

१३ जून २००३ रोजी शेफील्डमधल्या 'द ग्रेप्स' नावाच्या पबमध्ये आर्क्टिक मंकीज या बँडचा पहिला कार्यक्रम झाला. चौघंही सतरा वर्षांचे. त्या रात्रीची बिदागी मिळाली २७ पौंड, म्हणजे माणशी पावणेसात. पुढे जानेवारी २००६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या साडेतीन लाखांहून जास्त प्रती खपल्या. ही दुसरी गोष्ट सगळे सांगतात. इथे बोलायचं आहे ते पहिलीबद्दल: ते २७ पौंड येतात कुठून, एवढेच का येतात, आणि तेवढ्यावर बँड टिकवायचा तर काय काय सांभाळावं लागतं.

आधी 'अनसाइन्ड' या शब्दाचा अर्थ. ज्या बँडचा कुठल्याही रेकॉर्ड कंपनीशी करार नाही, तो अनसाइन्ड. पूर्वी स्टुडिओचं भाडं, तबकड्या काढणं आणि त्या दुकानांत पोचवणं हे सगळं कंपनीच करायची, त्यामुळे करार नाही तर रेकॉर्ड नाही असा मामला होता. आता वर्षाला साधारण वीस पौंड भरले की एखादा वितरक तुमचं गाणं सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर चढवतो. म्हणजे अनसाइन्ड बँडचं गाणं जगभर ऐकता येतं, फक्त सगळा खर्च आपल्या खिशातून होतो. फरक आता एवढाच उरला आहे.

एका रात्रीचा हिशेब

समजा हल शहरात १२० माणसांची एक खोली आहे. तीन बँड, तिकीट ८ पौंड, सत्तर तिकिटं खपली. गल्ला ५६० पौंड. आता वजाबाकी सुरू. तिकीट लावलेल्या कार्यक्रमासाठी पीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था गल्ल्याचे ४.२ टक्के घेते, ते झाले साडेतेवीस पौंड. साउंड इंजिनिअर १२०. खोलीचं भाडं १००. पोस्टर आणि ऑनलाइन जाहिरात ४०. मुख्य बँडला आधीच कबूल केलेले १५०. उरले साधारण १२६. त्यातून पहिल्या दोन बँडांना पन्नास-पन्नास दिले की महिनाभर धावपळ करून कार्यक्रम भरवणाऱ्या प्रमोटरच्या हाती २६ पौंड राहतात. आणि हा लहान प्रमोटर आहे म्हणून एवढे तरी राहिले. वर्षाची उलाढाल ९० हजार पौंडांच्या वर गेली की २० टक्के व्हॅट लागतो, म्हणजे ८ पौंडांच्या तिकिटातला सहावा हिस्सा आधीच सरकारजमा.

आता तुमचे पन्नास बघू. बँड लीड्सचा आहे. लीड्स ते हल जाऊन-येऊन १२० मैल. जुनी छोटी व्हॅन गॅलनला ३५ मैल देते आणि ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, म्हणजे साडेपंधरा लिटर इंधन लागतं. लिटरला १.४० पौंड धरले तर २२ पौंड. उरले २८, चौघांत माणशी सात. वीस वर्षांत पावणेसाताचे सात झाले! त्याच आठवड्यात तालमीच्या खोलीचे दोन संध्याकाळींचे प्रत्येकी चाळीस पौंड दिले असतील, तर ही रात्र उघड तोट्याची.

इथे प्रमोटर लुटतोय असा समज चटकन होतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ही गाण्याचे कार्यक्रम होणाऱ्या छोट्या जागांची संघटना २०१४ पासून काम करते आहे. तिच्या आकडेवारीनुसार एकट्या २०२३ मध्ये अशा १२५ जागा बंद पडल्या किंवा त्यांनी गाण्याचे कार्यक्रम थांबवले, आणि चालू असलेल्यांचा सरासरी नफा अर्ध्या टक्क्यावर होता. १९७८ पासून चालू असलेलं बाथचं 'मोल्स' त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंद झालं. खोलीला गाण्यावर तोटा येतो आणि तो बारच्या विक्रीतून भरून निघतो. म्हणून प्रमोटरचा पहिला प्रश्न 'वाजवता कसं' हा नसून 'माणसं किती आणाल' हा असतो.

यातली एक बारीक गोष्ट नव्या बँडांना कुणी सांगत नाही. अनेक ठिकाणी दारावरचा माणूस प्रत्येकाला विचारतो, 'कोणाला बघायला आलात?' आणि बँडच्या नावापुढे रेघ ओढतो. पैसे त्या रेघांवर वाटले जातात. तुमची पंधरा दोस्तमंडळी नुसतं 'गाणी ऐकायला' म्हणून आत गेली, तर तुमच्या नावापुढे शून्य. मित्रांना दारात बँडचं नाव घ्यायला सांगून ठेवायचं.

खरी लूट वेगळी दिसते. 'ही पंचवीस तिकिटं घ्या, विका, न खपलेल्यांचे पैसे तुम्ही भरा. सव्विसाव्या तिकिटापासून तुम्हाला दोन पौंड.' याला 'पे टू प्ले' म्हणतात आणि म्युझिशियन्स युनियनचा त्याला उघड विरोध आहे. अशा रात्री सहा बँड कोंबलेले असतात, प्रत्येकाचे मित्र आपला बँड संपला की निघून जातात, आणि नवा श्रोता एकही मिळत नाही. अशा वेळी सरळ नाही म्हणावं. मोठ्या शहरातलं नाव पाहून हो म्हणायचा मोह होतो, तोच त्या धंद्याचा पाया आहे.

आपल्याच शहरात दर आठवड्याला वाजवणं हीदेखील नेहमीची चूक. मित्र पहिल्यांदा कौतुकाने येतात, दुसऱ्यांदा भिडेखातर, तिसऱ्यांदा येत नाहीत. एका शहरात सहा ते आठ आठवड्यांतून एकदा, आणि मधल्या काळात शेजारच्या गावांत दुसऱ्या बँडांच्या आधी वाजवणं, हा सोसणारा वेग. लीड्सचं ब्रुडेनेल सोशल क्लब, हलचं अडेल्फी, साउथॅम्प्टनचं जॉइनर्स, ब्रिक्स्टनचं विंडमिल, ग्लासगोचं किंग टट्स या जागांना देशभर मान आहे. ओएसिस या बँडला रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने पहिल्यांदा ऐकलं ते १९९३ च्या मे महिन्यात, किंग टट्समध्येच. तिथल्या प्रमोटरला पाठवायच्या ईमेलमध्ये चार ओळी पुरतात: कुठले, कसं वाजवता, गाण्याची एक लिंक, आणि गेल्या कार्यक्रमाला खरोखर किती माणसं होती. आकडा फुगवला तर पहिल्याच रात्री उघडा पडतो.

स्टेजवर काय घेऊन जायचं

तीन बँडांच्या रात्री प्रत्येकाने आपापला ड्रमसेट मांडायचा म्हटलं तर पहाट होईल. म्हणून ड्रमचे मोठे डबे आणि बेसचा स्पीकर एकाचाच, सगळे तोच वापरतात. ड्रमरने स्वतःचे आणायचे ते 'ब्रेकेबल्स', म्हणजे स्नेअर नावाचा छोटा ड्रम, झांजा आणि मोठा ड्रम पायाने वाजवायचं किक पेडल. ही यादी आधीच्या आठवड्यात ईमेलने पक्की करायची. 'तिथे असेलच' म्हणून गेलेला ड्रमर आणि पेडल नसलेला ड्रमसेट यांची गाठ जवळपास प्रत्येक नव्या बँडच्या नशिबी एकदा येते.

गिटारचा अँप्लिफायर १५ ते ३० वॉटचा वाल्ववाला (काचेच्या नळ्यांवर चालणारा) असेल तर दीडशे माणसांच्या खोलीला भरपूर. शंभर वॉटचा आणला तर तो दबक्या आवाजात वाजवावा लागतो आणि त्याचा खरा सूर निघतच नाही. अँप जमिनीवर ठेवला की आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आदळतो, त्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान फाटतात. खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. वाल्वचा अँप स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि ती दुरुस्ती अनेक रात्रींची बिदागी खाते. अँपवर ८ ओम निवडलं असेल तर स्पीकरही ८ ओमचाच हवा.

घुर्रर्र असा आवाज येत राहिला तर संशय घ्यायचा तो गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेडलांच्या वीजपुरवठ्यावर. एकाच अडॅप्टरमधून सहा पेडलांना माळेसारखी वीज दिली की डिजिटल पेडलचा खरखराट बाकीच्यांत उतरतो. प्रत्येकाला वेगळी वाट देणारा पुरवठा महाग असतो, पण नव्या गिटारच्या आधी तो घ्यावा. तो आवाज घालवण्यासाठी प्लगमधली अर्थिंगची तार काढणारे महाभाग अजूनही भेटतात. १९७२ मध्ये स्वानसीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनमुळे. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, म्हणजे वीज जायला सरळ रस्ता. अर्थिंगला हात लावायचा नाही.

गिटारच्या तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बदलाव्यात. त्याच संध्याकाळी बदलल्या तर त्या ताणल्या जात राहतात आणि दर गाण्यात सूर उतरतो. थंड व्हॅनमधून तापलेल्या खोलीत आणलेलं वाद्य अर्धा तास तसंच ठेवून मग पुन्हा लावायचं. जादा तारा, जादा केबल, अँपचा त्याच क्षमतेचा जादा फ्यूज आणि कापडी चिकटपट्टी एका डब्यात भरून ठेवली की झालं. कानांचे बोळे मात्र या डब्यात नकोत, ते रोज खिशात हवेत. तालमीच्या बंद खोलीत आवाज सहज शंभर डेसिबलला टेकतो, आणि कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दलचा ब्रिटिश कायदा ८५ लाच कानांना संरक्षण सक्तीचं करतो.

साउंडचेकचा, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासून घेण्याचा क्रम उलटा असतो: मुख्य बँड आधी, सर्वांत आधी वाजवणारा शेवटी. कारण सोपं आहे, शेवटच्याची मांडणी तशीच ठेवून दारं उघडता येतात. म्हणून नव्या बँडच्या वाट्याला बहुतेकदा दहा मिनिटं येतात, कधी तीही नाहीत. ती गाणं 'म्हणून बघण्यात' घालवू नयेत. इंजिनिअर एकेक वाद्य मागेल तेव्हा तेवढंच वाजवावं, बाकीच्यांनी हात आवरावेत, आणि शेवटी सर्वांत गोंगाटाच्या गाण्याचं एक कडवं घ्यावं. गायकाने माइकची जाळी मुठीत धरू नये. तसं केलं की माइक सगळ्या बाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी वाजायला लागते, मग दोष इंजिनिअरला दिला जातो.

सेट, म्हणजे वाजवायला मिळालेला वेळ, पंचवीस मिनिटांचा असेल तर सहा गाणी. साडेतीन मिनिटांची सहा म्हणजे एकवीस, उरलेली चार मिनिटं सूर लावण्यात आणि श्वास घेण्यात जातात. ज्यांच्यासाठी गिटार वेगळ्या सुरांत लावावी लागते ती गाणी शेजारी-शेजारी ठेवावीत. शेवटचं गाणं संपताच आधी सगळं सामान स्टेजवरून खाली, मग मित्रांच्या मिठ्या. झांजांचे स्क्रू स्टेजवर उभं राहून सोडवणारा ड्रमर पुढच्या बँडची दहा मिनिटं खातो, आणि पुढच्या वेळी बोलावणं येत नाही ते याच कारणाने.

व्हॅन

नेहमीच्या कार परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन चालवता येते, तेव्हा अडचण परवान्याची नसते. अडचण विम्याची. एकवीस वर्षांखालच्या चालकाला भाड्याने व्हॅन मिळणं कठीण, आणि स्वतःची घेतली तर विमा कंपन्यांना 'संगीतकार' हा शब्द आवडत नाही: रात्रीचा प्रवास, महागडं सामान, दमलेला चालक. म्हणून काही जण फक्त घरगुती वापराचा विमा काढतात. पैसे घेऊन वाजवायला जाताना अपघात झाला तर तो विमा नाकारला जाऊ शकतो, तेव्हा धंद्याचा वापर आधीच लिहून द्यावा. साध्या व्हॅनमध्ये पुढे तिघांचीच जागा असते. चौथा मागे सामानात बसतो ही गमतीची गोष्ट वाटते, पण जोरात ब्रेक लागला तर पाठीमागचा अँप थांबत नाही.

लंडनला जायचं असेल तर आणखी एक गोष्ट. २९ ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण लंडनमध्ये जुन्या धुरकट गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड लागतात. डिझेल व्हॅन युरो ६ या धुराच्या मानकात बसत नसेल तर कार्यक्रम मध्यरात्रीनंतर आटोपला की दोन दिवसांचे पंचवीस. पन्नास पौंडांच्या बिदागीतून.

एका गाण्यात दोन मालमत्ता

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून बघू. गाणं रेकॉर्ड झालं की दोन वेगळ्या मालमत्ता तयार होतात. पहिली म्हणजे शब्द आणि चाल. ती रचणाऱ्याची. दुसरी म्हणजे ते रेकॉर्डिंग. ते ज्याने पैसे घालून करवलं त्याचं, आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा. रेडिओवर गाणं लागलं की पैसे दोन नळांतून येतात. पीआरएस रचनाकारांना देते, पीपीएल ही संस्था रेकॉर्डिंगच्या मालकाला आणि वादकांना. आपल्याकडे आयपीआरएस जे काम करते तेच तिथे १९१४ पासून पीआरएस करत आली आहे. पीआरएसच्या सभासदत्वाला पैसे पडतात, तरुणांना सवलतीत. पीपीएल फुकट आहे. ड्रमरने एकही ओळ लिहिली नसेल तरी पीपीएलचा तो हक्कदार असतो, आणि बरेच ड्रमर कधी नावच नोंदवत नाहीत.

मघाच्या हिशेबातले साडेतेवीस पौंड आठवा. ते गाणी लिहिणाऱ्यांकडेच परत जायला हवेत, पण पीआरएसला त्या रात्री कोणती गाणी वाजली हे कळलं तरच. म्हणून प्रत्येक कार्यक्रमानंतर गाण्यांची यादी ऑनलाइन भरायची, आणि ती वर्षाच्या आत. पाच मिनिटांचं काम.

रेकॉर्डिंगला एका दिवसात दोन गाणी धरावीत. चार धरली तर चारही अर्धवट राहतात. तयार फाइलला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो, तो वितरक देतो. वितरकाने एक दिला आणि तुम्ही पीपीएलकडे दुसराच लिहिलात, तर पैसे मधेच अडकतात. गाणं चढवायचं ते प्रकाशनाच्या निदान चार आठवडे आधी. स्पॉटिफायच्या संपादकांना ते सुचवायची खिडकी प्रकाशनापूर्वीच उघडी असते, नंतर नाही. आणि तिथून पैशांची आशा धरू नये: २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. त्यापेक्षा बीबीसी इंट्रोड्यूसिंग या नव्या कलाकारांसाठीच्या उपक्रमाच्या साइटवर गाणं टाकावं. ते तुमच्या भागातल्या स्थानिक कार्यक्रमाच्या निर्मात्याकडे जातं, माणूस ते ऐकतो, आणि रेडिओवर एकदा लागलं तरी दोन्ही नळ सुरू होतात.

कागद न केलेली भागीदारी

चार मित्र मिळून वाजवतात, पैसे कमावतात, काही लिहून ठेवत नाहीत. ब्रिटिश कायद्याच्या नजरेत ही भागीदारी झाली, १८९० च्या कायद्याप्रमाणे. आपला १९३२ चा भागीदारी कायदा त्याच वळणाचा, त्यामुळे नियम ओळखीचे वाटतील: वेगळं ठरलं नसेल तर नफा सारखा, आणि एकाने नोटीस दिली की भागीदारी मोडली.

याचा अर्थ काय होतो ते द स्मिथ्स या मँचेस्टरच्या बँडने दाखवलं. गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार चाळीस-चाळीस टक्के घेत, बेस आणि ड्रमवाल्यांना दहा-दहा. बँड १९८७ मध्ये फुटला. ड्रमर माइक जॉइस कोर्टात गेला, आणि १९९६ मध्ये हायकोर्टाने त्याला पंचवीस टक्क्यांचा भागीदार ठरवलं, कारण कमी वाट्याला त्याने होकार दिल्याचं सिद्ध झालं नाही. अपील १९९८ मध्ये फेटाळलं गेलं. बेसवाला अँडी रूर्क आधीच तडजोड करून दहा टक्क्यांवर थांबला होता.

हा निकाल वाचून कुणी म्हणेल की सगळंच सारखं वाटलं जातं. तसं नाही. जॉइसला वाटा मिळाला तो वादनाच्या आणि रेकॉर्डिंगच्या कमाईत, रचनेच्या नव्हे. १९९९ मध्ये स्पँडाऊ बॅले या बँडमधल्या तिघांनी आपलाच गिटारवादक गॅरी केम्प याच्या रचनांच्या पैशांत हिस्सा मागितला आणि ते हरले: चाल त्याने आधीच तयार करून आणली होती, तिला वाद्यांनी भरणं म्हणजे रचना नव्हे, असं कोर्टाने म्हटलं. उलट प्रोकोल हॅरम या बँडच्या १९६७ च्या गाजलेल्या गाण्यातली ऑर्गनची धून ही रचनाच आहे असं ठरलं, आणि ती वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरला संगीताच्या हक्कात चाळीस टक्के मिळाले. त्याने दावा लावला होता २००५ मध्ये, शेवटचा निकाल लागला २००९ मध्ये. वाद्यांची भर कुठे संपते आणि रचना कुठे सुरू होते, हे तालमीच्या खोलीत रात्री अकरा वाजता ठरवणं सोपं, चाळीस वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, ठरवणं महाग.

म्हणून गाणं ज्या दिवशी पुरं होतं त्याच दिवशी एका कागदावर लिहायचं: नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचे किती टक्के, चौघांच्या सह्या. काही बँड रचनाही सरसकट सारखी वाटतात. लिहिणाऱ्याला ते अन्यायाचं वाटू शकतं, पण कुणाचं कडवं घ्यायचं यावरची भांडणं त्याने थांबतात, आणि चार जणांच्या व्हॅनमध्ये त्याची किंमत मोठी आहे.

दुसरा कागद बँडचा. त्यात चार-पाच गोष्टी पुरतात. नाव कोणाचं, आणि कोणी सोडून गेलं तर ते कोणाकडे राहणार. सामायिक पैशांतून घेतलेली व्हॅन आणि स्पीकर कोणाचे. कर्ज कोण फेडणार. नवा माणूस घ्यायला किती मतं लागणार. सोडून गेलेल्याला जुन्या रेकॉर्डिंगचा वाटा मिळत राहणार का (राहायला हवा). नाव ठरवतानाच ते आधी कोणी घेतलं आहे का हे शोधावं. सुएड या बँडला अमेरिकेत 'द लंडन सुएड' व्हावं लागलं, आणि व्हर्व्ह या बँडला त्याच नावाच्या जॅझ रेकॉर्ड कंपनीमुळे पुढे 'द' लावावा लागला.

कराबद्दलही एक गैरसमज फिरत असतो, की वर्षाला हजार पौंडांपर्यंतच्या कमाईची नोंदच नको. ती सूट एकट्याच्या कमाईला आहे, उदाहरणार्थ गिटारच्या शिकवण्यांना. भागीदारीच्या उत्पन्नाला ती लागू नाही. तेव्हा इंधनाच्या, तारांच्या, तालमीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवायच्या, कारण तोटा दाखवायलाही पुरावा लागतो.

मॅनेजर यानंतर येतो. तो साधारण वीस टक्के घेतो. हे वीस टक्के एकूण उत्पन्नावर की खर्च वजा करून, एवढा एकच प्रश्न आधी विचारावा. पन्नास पौंडांच्या रात्री एकूणवर दहा गेले, इंधनाला बावीस गेले, तर चौघांना राहतात साडेचार-साडेचार. खर्च वजा करून धरलं तर मॅनेजरला पाच पौंड साठ पेन्स जातात, आणि तुम्हाला माणशी साडेपाचच्या थोडं वर मिळतात. करार हातात पडला की सही करण्याआधी तो म्युझिशियन्स युनियनच्या वकिलाकडे पाठवता येतो. सभासदांसाठी ती सोय आहे, आणि त्याच वर्गणीत एक कोटी पौंडांचा सार्वजनिक दायित्व विमाही येतो. तुमच्या अँपच्या केबलीत अडकून कुणाचा पाय मोडला, तर त्या रात्री तो विमा उपयोगी पडतो.